हा फोन साडूंचा आहे, जपून बोला

आमच्या साडूंशी फोनवर बोललेला एकही शब्द या पृथ्वीतलावरून कधी नाहीसा होणार नाही, अशी चोख व्यवस्था त्यांनी करून ठेवली आहे. बाकीच्या जगाचं बोलणं हवेत जातं, त्यांच्याशी केलेलं बोलणं मेमरी कार्डात जातं. मी चिखलीच्या कोर्टात वकिली करतो. काल दिलेला शब्द आज फिरवणारी माणसं हाच माझ्या पोटापाण्याचा आधार, त्यामुळे हातचं राखून बोलायची सवय मला धंद्यानेच लावली. तरीही खरं सांगायचं तर न्यायाधीशांपुढे मी जेवढा जपून बोलतो, त्याहून जास्त जपून साडूंच्या फोनवर बोलतो. आमच्या हिची थोरली बहीण त्यांना दिलेली. एका सासऱ्याचे दोन जावई म्हटल्यावर एकमेकांच्या ताटातल्या तुपाकडे तिरप्या डोळ्यानं पाहायचं, ही जगाची रीत. आमच्यात तसं काही झालं नाही, कारण साडू जेवताना कोणाकडे पाहत नाहीत आणि कोणाशी बोलतही नाहीत. त्यांना जे काय बोलायचं ते फोनवर.

देऊळगाव राजाच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच त्यांची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. हिरव्या जाळीचं शेडनेट, आत काळ्या ट्रेंच्या रांगा, आणि त्यात बोटाएवढी मिरची, टमाटे, वांगी, कोबी. शेतकरी फोनवरून रोपं सांगून ठेवतात आणि ती लावणीला आली की न्यायला येतात. तोवर काय सांगितलं होतं हे सांगणारा विसरलेला असतो आणि ऐकणाराही. मग भांडण. अशाच एका भांडणात जालन्याकडचा एक शेतकरी, मी मिरची सांगितली होती, ही वांगी कोणासाठी भरून ठेवलीत, म्हणून दारात धरणं धरून बसला. साडूंनी त्याच्या आधीच्याच महिन्यात रोपांचे फोन रेकॉर्ड करायला सुरुवात केली होती. त्यांनी त्याला बाजेवर बसवलं, चहा पाजला, आजूबाजूचे चार लोक साक्षीला गोळा केले आणि मोठ्या थाटात रेकॉर्डिंग लावलं. त्यात तो शेतकरी स्वच्छ आवाजात मिरची म्हणत होता. दोन-दोनदा म्हणत होता. आणि त्यावर साडूंचा आवाज तितक्याच स्वच्छपणे, ‘हाव हाव, समजलं’ म्हणत होता. जमलेल्या लोकांत सगळ्यात मोठ्यानं हसले ते साडू. दुसऱ्यासाठी राखलेली मिरची त्यांनी त्या शेतकऱ्याच्या गाडीत स्वतः चढवून दिली आणि म्हणाले, “पुरावा म्हनजे पुरावा. मंग तो आपल्याच अंगावर काऊन येईना.” असा पक्षकार मला कोर्टात अजून भेटायचा आहे.

त्या दिवसापासून त्यांच्या फोनमधून कोणी सुटलं नाही. सासूबाई सुटल्या नाहीत, चुकून लागलेले नंबर सुटले नाहीत, विमा घ्या म्हणणारी मुलगी सुटली नाही. या मुलीचा तर किस्साच आहे. तिनं विचारलं, साहेब, तुमची विम्याची काही गरज आहे का? साडूंनी ‘हाव हाव’ म्हणून हसून फोन ठेवून दिला. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तिला फोन लावून सांगितलं की काल तुम्ही जे विचारलं, त्याचं उत्तर नाही असं आहे. त्या बिचारीच्या नोकरीत तिला उलटा फोन करणारं पहिलं गिऱ्हाईक भेटलं असावं.

आजच्या प्रश्नाचं उत्तर उद्या, ही साडूंची खरी खासियत. मी विचारावं, ताईंचा गुडघा कसा आहे? ते म्हणणार, “हाव हाव.” मग एक मोकळं, भरगच्च हसू आणि फोन बंद. गुडघ्याचं विचारल्यावर हसणारा नवरा पाहून मी प्रथम चिडलो होतो. पण दुसऱ्या दिवशी बरोबर फोन यायचा, “गुडघा बरा हाय. पन जिना चढू नका म्हन्ते डाक्टर.” एकदा मी त्यांना आमच्या कोर्टातली एक गंमत सांगितली. सांगताना मलाच हसू आवरेना. साडू हसले, पण ते नेहमीचं ठेवणीतलं हसू. दुसऱ्या दिवशी मी एका साक्षीदाराला घेऊन बसलेलो असताना फोन आला आणि पलीकडून नुसतं खिदळणं ऐकू येऊ लागलं. “काय झालं?” मी विचारलं. “ते कालचं! ते तुमच्या सरकारी वकिलाचं! लय भारी होतं!” मी ते केव्हाच विसरून गेलो होतो. आमच्या हिला मात्र त्यांच्या या सवयीचं फार कौतुक. “माणूस विचार करून तरी बोलतो,” ती म्हणायची, “तुमच्यासारखं नाही, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर.”

समोरासमोर ते बोलायचेच नाहीत. लग्नात, बारशात, कुठंही गेले की आधी भिंतीकडची डाव्या कोपऱ्यातली खुर्ची पकडायचे. तिथं कोणी बसलं असेल तर उठेपर्यंत उभे राहायचे, आणि सगळी मंडळी आपल्या उजव्या हाताला आली की मगच टेकायचे. घरच्यांनी याचं खापर वास्तुशास्त्रावर फोडून टाकलं होतं. एकदा आमच्याच ओसरीत, माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेले असताना मी त्यांना यंदा कांद्याचं काय म्हणून विचारलं. त्यांनी माझ्याकडे प्रेमानं पाहिलं आणि म्हणाले, “घरी गेल्यावर फोन करतो ना.” आणि केलाही.

तर अशा या माणसाला मध्येच एकदा कायद्याची धास्ती पडली. कोणीतरी कटिंगच्या दुकानात त्यांच्या डोक्यात भरवलं की दोस्ताचा फोन त्याला न सांगता रेकॉर्ड केला तर थेट जेल. साडूंचा मला तातडीचा फोन. मी दळणाचा डबा घेऊन घराबाहेर पडत होतो, तसाच दारात उभा राहून त्यांना कायदा समजावून सांगितला. म्हणालो, “हे पाहा भाऊसाहेब, दोघांच्या बोलण्यात तिसऱ्यानं चोरून कान घातला तर तो गुन्हा. बोलणाऱ्यांपैकी एक तुम्ही स्वतःच असाल, तर नुसतं रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे असं आपल्या कायद्यात सरळ लिहिलेलं नाही. पण समोरच्यालाही खासगीपणाचा हक्क आहे. उद्या ते चारचौघांत वाजवलंत, त्यावरून कोणाला धमकावलंत, कोणाची अब्रू घालवलीत, तर मला फोन करू नका. चांगला वकील पाहा.” साडू म्हणाले, “हाव हाव.” मागून आमची ही ओरडत होती, “आधी ते दळण आणा, गिरणी बंद होईल! कायदा कुठं पळून जात नाही!”

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, “म्हनजे दोस्ताचं चालते.” आणि मग त्यांनी काय केलं असेल, तर माझं हे कायदेशीर मत चारचौघांत वाजवायला सुरुवात केली. कटिंगच्या दुकानात, रसवंतीवर, बालाजीच्या मंदिराबाहेर. ‘सरळ लिहिलेलं नाही’ इथपर्यंत वाजवायचं आणि पुढचं उडवायचं, पण उडवताना बोट पुढं सरकून थेट आमच्या हिच्या ओरडण्यावर जायचं. परिणाम असा, की देऊळगाव राजात मी कधी न पाहिलेली माणसं मला बसस्टँडवर अडवून विचारतात, “काय वकीलसाहेब, आनलं काय दळन?”

हा जो दोस्त, तो चिखलीजवळच्या उंद्री गावचा. साडू आणि तो चिखलीला बोर्डिंगात एका ताटात जेवलेले. उंद्रीकरांचा भाजीपाल्याचा मळा आहे, चार म्हशी आहेत आणि जगातल्या प्रत्येक माणसाविषयी एक मत आहे. ते मत सहसा वाईट असतं. सकाळी धारा काढून झाल्या की ते साडूंना फोन लावायचे आणि सुरू व्हायचे, भाऊ कसा, भावाची बायको कशी, गावचा पुढारी कसा, थोरल्या मुलीचा सासरा कसा. घरातले लोक त्यांनी तोंड उघडलं की काहीतरी काम काढून उठायचे. ऐकून घेणारा अख्ख्या जिल्ह्यात एकच, आमचे साडू. आणि ही नुसती दोस्ती नव्हती. उंद्रीकरांच्या बायकोला सख्खा भाऊ नाही. ती लग्न होऊन आली तेव्हापासून दर भाऊबीजेला साडूंना ओवाळते. थोरल्या मुलीच्या लग्नात मामा म्हणून साडूच तिला हाताला धरून बोहल्यावर घेऊन गेले होते. आता धाकटीचं जमलं होतं. मामाकडची पिवळी साडी साडूंनी जालन्याहून आधीच आणून ठेवली होती, आणि ती आल्यागेल्याला दाखवून दाखवून तिची घडी मोडायला आली होती.

अशात साडूंचा जुना फोन पाण्याच्या टाकीत पडला. मुलानं नवा आणून दिला. नव्या फोनात रेकॉर्डिंगची सोय होती, पण तिच्याबरोबर एक बाईही होती. फोन लागला रे लागला की ही बाई दोन्हीकडच्यांना बारीक, गोड आवाजात इंग्रजीतून सांगायची की हे बोलणं आता रेकॉर्ड होत आहे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नकळत पाठ ताठ केली आणि साडूंना ‘आपण कसे आहात’ असं विचारलं. सासूबाईंनी त्या बाईला कोणीतरी पाहुणी समजून आधी तिचीच खुशाली विचारली. मळ्याखळ्यांतली माणसं एकाएकी छापील बोलू लागली. साडू मात्र बुचकळ्यात, “वकीलसाहेब, आजकाल लोकं मायासंगं असे सभेत बोलल्यासारखे काऊन बोलून राह्यले?” मला वाटलं ते वेड पांघरताहेत.

उंद्रीकरांना इंग्रजी येत नाही. ते काही दिवस त्या बाईला ‘बरं बाई’ म्हणून पुढे आपलं सुरू करत होते. एके सकाळी त्यांनी फोन स्पीकरवर टाकला होता आणि धाकटीच्या होणाऱ्या सासऱ्याच्या मिशा हा विषय नुकताच हातात घेतला होता. धाकटी चहा घेऊन आलेली. तिनं बाईचं बोलणं ऐकलं होतं. म्हणाली, “बाबा, हे सगळं भरून राह्यलं तिकडं. मामाच्या फोनात.” उंद्रीकरांनी फोन कापला. एवढ्या वर्षांत आपण कोणाकोणाच्या मिशा आणि कोणाकोणाची खानदानं काढली, हे त्यांना एकदम आठवलं असावं. त्या दिवसापासून त्यांचा फोन बंद झाला. साडूंनी लावला तर उचलेनात. शेवटी चिखलीच्या बाजारात भेटलेल्या एका गाववाल्याबरोबर त्यांनी निरोप धाडला, “त्याले सांगजा, मी दोस्तासंगं बोलत होतो, ठानेदारासंगं नाही.”

आणि मग साडू माझ्याकडे आले. फोन न करता, स्वतः एसटीनं. कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर, भिंतीकडची जागा धरून, मांडीवर पिवळ्या साडीची पिशवी घेऊन बसले. चेहरा पार उतरलेला.

“वकीलसाहेब, मले लेखी पाह्यजे. म्या काही गुन्हा केला नाही, असं. शिक्का मारून द्या.”

“काय करणार त्याचं?”

“उंद्रीले नेतो. त्याच्यापुढं ठेवतो. मंग तर बोलन ना?”

माझा संयम तसा फार दांडगा नाही. मी त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणालो, “अहो, कायद्यानं तुम्ही केव्हाच सुटलात! पण तो काय कायद्यानं बोलत होता का तुमच्याशी? दोस्तीत खटला नसतो, त्यामुळे सुटकाही नसते. आणि काय हो, ती बाई रोज ज्याला त्याला ओरडून सांगते की रेकॉर्डिंग चाललंय, तेव्हा तरी ते बंद करायची अक्कल यायला नको?”

साडूंनी कप खाली ठेवला.

“कोन बाई?”

मी कप बाजूला सारला. मग खिशातून फोन काढला आणि तिथंच, समोर बसून त्यांना लावला. त्यांनी उचलून कानाला धरला. माझ्या कानात ती बाई आपलं वाक्य अगदी शेवटपर्यंत, स्पष्ट म्हणाली. साडू फोन धरून माझ्या तोंडाकडे पाहत होते. थोड्या वेळानं म्हणाले, “बोला ना. कोनीच तर नाही बोलून राह्यलं.”

डाव्या कोपऱ्यातली खुर्ची, ‘हाव हाव’, एक दिवस उशिरा येणारं हसू, त्या शेतकऱ्याची मिरची, सगळं मला त्या टपरीवर एकदम उलगडलं आणि मला फार वाईट वाटलं. विनोद म्हणून मी या माणसाच्या किती गोष्टी बाररूममध्ये रंगवून सांगितल्या होत्या. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो आणि विचारलं, “केव्हापासून?”

“लय दिवस झाले. डावा कान तं पार गेला. उजव्यात जाड आवाज कळते थोडाफार. बारीक तर जातच नाही कानात. म्हनून फोन भरून ठेवतो. त्या मिरचीच्या भांडनापासून रोज दुपारच्याला ट्रेमधी बी टाकता टाकता ते कानातलं लावतो, आवाज पूरा सोडतो, आन् आयकतो.”

“ताईंना माहीत आहे?”

“तिले वाटते मी तिचं आयकत नाही. ते तर कोनताच नवरा आयकत नाही. निभून गेलं.”

“अहो पण मग उंद्रीला सरळ सांगून टाका की. एका वाक्याचं काम आहे.”

साडू पिशवीच्या बंदाशी खेळू लागले. मग म्हणाले, “धाकटीचा मामा हाय मी. भटजी माईकवरून बलावन, मामानं पोरगी आना म्हनन, आन् मामा असाच पाहत राह्यला तं? मांडवातले लोकं म्हनतीन, बहिऱ्याले कायले उभं केलं. तिच्या सासरच्यायसमोर. त्यापरीस चोर म्हनू द्या.” आणि मला बजावलं, “तुम्ही वकील आहात. पक्षकाराचं कोनाले सांगता येत नाही तुमाले.”

कायदा त्यांना नको तिथं बरोबर माहीत होता. माझ्या तोंडाला कुलूप लागलं. पण पक्षकाराला मोटारसायकलवर घालून उंद्रीला नेऊ नये, असं कुठं लिहिलेलं नाही. दुपारी काम आटोपल्यावर मी त्यांना मागं बसवलं आणि निघालो. वाटेत मी त्यांना बरंच समजावलं. ते अधूनमधून ‘हाव हाव’ म्हणत होते, त्यावरून त्यांना काहीही ऐकू येत नसल्याची आता माझी खात्री होती.

उंद्रीकर अंगणात बाजेवर बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. मला पाहून म्हणाले, “या वकीलसाहेब, बसा. फोन असतीन तं तिकडं हौदाच्या काठावर ठेवा.” साडूंकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. साडूंनी आपला नवा फोन गुपचूप हौदावर ठेवला आणि बाजेच्या कडेला टेकले. नेमकी ती चुकीची बाजू होती. वहिनींनी पाणी आणलं. मग उंद्रीकर जुडीकडेच पाहत, अगदी खालच्या आवाजात, दातांतल्या दातांत म्हणाले, “आजपासून तुयं मायं काही नाही. धाकटीचा मामा आमी दुसरा पाहू.”

साडूंना दिसलं ते एवढंच, की दोस्ताचे ओठ इतक्या दिवसांनी आपल्याकरता हलले. त्यांचा चेहरा फुलला. ते मोकळं, भरगच्च हसले आणि म्हणाले, “हाव हाव. तसंच करू.”

उंद्रीकरांच्या हातातली जुडी सुटली. “मस्करी करतो काय बे?” साडू अजून हसतच होते. उंद्रीकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पक्षकाराशी बांधलेला, आभाळाकडे पाहू लागलो. वहिनी मात्र तांब्या घेऊन तशाच उभ्या होत्या. त्या साडूंच्या तोंडाकडे निरखून पाहत म्हणाल्या, “अवो, भाऊले आयकूच नाही आलं तुमचं.”

उंद्रीकर उठले. बाजेला वळसा घालून साडूंच्या उजव्या बाजूला आले, वाकले, आणि पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकायला लागतील एवढ्या आवाजात त्यांनी विचारलं, “काऊन बे! तुले आयकू येत नाही?”

साडूंचं हसू हळूहळू मावळलं. “येते,” ते म्हणाले. “थोडकं कमी येते.”

“मंग त्या फोनात काय करत होता?”

“तू बोलला की अर्धं निसटते रे. दुपारी पुन्हा आयकतो. मंग समजते.”

“पूरं आयकतो?”

“पूरं. मजा आली तं दोनदा.”

उंद्रीकर मटकन बाजेवर बसले. आता हे रडतात की मारतात, असं मला क्षणभर वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरत होतं ते वेगळंच होतं. आयुष्यभर ज्याच्या बोलण्याला कोणी घरात बूड टेकून बसलं नाही, त्या माणसाला कळलं होतं की देऊळगाव राजाजवळ एका शेडनेटमध्ये रोज दुपारी कोणीतरी आपल्याला पुन्हा लावून ऐकत असतं. ते बायकोकडे वळून म्हणाले, “आयकलं काय वो? हा मायं बोलनं दोनदा आयकते. अन् तुमी लोकं एकदा तं आयकत नाही.”

“त्यायले आयकू येत नाही म्हनून जमते,” वहिनी म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावून चहा ठेवायला आत गेल्या. त्यावर उंद्रीकरांनी साडूंच्या पाठीत एक जोरदार गुद्दा घातला, शिव्यांची एक लांब माळ उजव्या कानात ओतली, आणि शेवटी पिशवीकडे बोट दाखवून ओरडले, “साडी आनली ना? मंग दे ना बे इकडं!”

बाहेर कोणाला काही सांगायचं नाही, असं त्या अंगणात चहा पिताना ठरलं. उंद्रीकरांच्या आवाजामुळे ते अर्ध्या गावानं ऐकलंही होतं. पण लग्नाच्या दिवशी मांडवात एकाही माणसानं तसं दाखवलं नाही. धाकटीनं आधीच साडूंच्या उजव्या कानाशी लागून सांगून ठेवलं होतं, “मामा, तुम्ही कोनाकडंच पाहू नका. मायाकडं पाहा. मी हात दाबला की चाला.” भर उन्हात कर्णे किंचाळत होते. भटजींनी पुकारा केला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. पिवळ्या साडीतल्या धाकटीच्या हाताकडे साडू एकटक पाहत उभे होते. तिची बोटं जराशी आवळली गेली आणि साडू निघाले, अगदी ताठ, एकही पाऊल न चुकता. बोहल्यापाशी उंद्रीकर उभे होते आणि त्या मिशाळ व्याह्यांच्या शेजारी उभं राहून खुशाल रडत होते.

आता सगळं पूर्ववत चालू आहे. कानाच्या यंत्राचा मी विषय काढला की साडू म्हणतात, मिरचीचा सीझन होऊ द्या. उंद्रीकर सकाळी फोन लावतात, त्या बाईला ‘राम राम बाई, घ्या लिहून’ म्हणतात आणि सुरू होतात. आताशा जरा सावकाश बोलतात, असं ऐकतो. त्यांना आता ऐकणाऱ्याची काळजी घ्यायची असते.

मध्ये एकदा मी साडूंशी बोलत होतो. पावसाचं, ताईंच्या गुडघ्याचं, असंच काहीबाही. कोर्टात तो दिवस मला वाईट गेला होता आणि का कोण जाणे, फोन ठेवता ठेवता मी अगदी हळू, स्वतःशी बोलावं तसं म्हणून गेलो, “भाऊसाहेब, तुम्ही आहात म्हणून बरं वाटतं हो.” असलं काही साडू साडूला म्हणत नसतो. ते म्हणाले, “हाव हाव,” हसले आणि फोन बंद झाला. मलाही हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. बाईनं तिचं वाक्य म्हटलं.

“वकीलसाहेब,” साडू म्हणाले, “ते काल शेवटी हळूच बोल्ले ना तुम्ही.”

“हं.”

“मले बी,” ते म्हणाले, आणि लगेच यंदाच्या वांग्यांविषयी बोलू लागले.